वाजिदची पहिली शोकसभा

उदगीर, ३ डिसेंबर २०२४

वाजिद,

सलाम. तू जिवंत आहेस म्हणे.

मुबश्शिराचा फोन आला तेव्हा मी चौबाऱ्यात तुझ्याच बोर्डाखाली उभा होतो. माझा पुतण्या संगमेश, त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बोर्डाच्या कोपऱ्यात त्याचा नंबर असतो. तुझ्या लेकीनं कोणाच्या तरी स्टेटसवर बोर्ड बघितला आणि त्या नंबरवर फोन लावला. संगमेश पळत आला, फोन माझ्या कानाला लावला आणि बाजूला झाला, आपल्यावर शेकू नये म्हणून. ती म्हणाली, "रामलिंगचाचा, अब्बा माझ्यासमोर बसून खिचडी खाऊन राहिलेत. तुम्ही त्यांना कैकू मारलं?" मी वर बघितलं. वर तू. सुजलेला डोळा, डोक्याला पट्टी, आणि खाली मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हसावं का रडावं कळेना. शेवटी दोन्ही केलं, भर चौकात.

ती म्हणाली, फोनवर तुला ऐकू येत नाही. कानात घालायचं मशीन आणून दिलं तर तू ते पलंगाखाली टाकून देतोस. म्हणून पत्र लिहून राहिलो. तसंही मला मोबाइलवर टाइप करता येत नाही, जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, ही बोटं काचेवर चालत नाहीत. मुबश्शिरा इथं मराठी शाळेत शिकलेली, ती तुझ्या कानाशी मोठ्यानं वाचेल. तेव्हा बेटा, मधेमधे तुझ्या बापाला शिव्या येतील. त्या गाळू नकोस. शिवी ऐकली की मीच बोलतोय हे त्याला पटेल.

आता तू मेलास कसा ते सांगतो. 'उदगीर फुटबॉलचे जुने दोस्त' असा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात कोणीतरी टाकलं, हैदराबादचे वाजिदभाई अल्लाहला प्यारे झाले. झालं. एकानं हात जोडले, की सगळ्यांनी जोडले. मेडिकलवाला सुदर्शन आमचा अध्यक्ष. तो संगमेशच्या दुकानात येऊन म्हणाला, "दुसरं कोणी लावायच्या आत आपला बोर्ड लागला पाहिजे." कोणता वाजिद, कधी गेला, कुठं गेला, एकानंही विचारलं नाही. दुपारी बोर्ड लागला, संध्याकाळी सभा झाली. नंतर कळलं, तो कटपीसवाला वाजिद होता, इथून हैदराबादला जाऊन दुकान टाकलेला. त्या बिचाऱ्याला ना बोर्ड, ना सभा. आणि बोर्डाचा मजकूर कोणी लिहिला? मी. दुसरं कोण लिहिणार. छापखाना बंद पडल्यापासून मी संगमेशच्या दुकानात बसून हेच लिहितो, वाढदिवस आणि श्रद्धांजल्या.

तू म्हणशील, रामू, तू तरी विचारायचंस. कुणाला विचारू? तुझा पत्ता होता का माझ्याकडं? तू गाव सोडलंस ते मला तुझ्या दुकानाच्या कुलपानं सांगितलं. देगलूर रोडवर, तुझ्या ट्रकच्या कमानपाट्यांच्या दुकानापुढं, मी नेहमीसारखा संध्याकाळच्या चहाला येऊन उभा राहिलो. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "वाजिदभाई तर लेकीकडं हैदराबादला गेले, आता येत न्हाईत." भाभी गेल्या, तू एकटा पडलास, लेकीनं नेलं, बरं केलं. पण मर्दा, माझं घर गल्ली ओलांडली की येतं. एक हाक मारून जायला तुझी काय जीभ झडली होती? त्याला बारा वर्षं झाली. मधे माझी बायको कमलम्मा गेली. मातीला अख्खं गाव आलं. मी मात्र रस्त्याकडं बघत होतो, खोटं कशाला सांगू.

म्हणून तू गेल्याचं कळलं तेव्हा आधी दुःख नाही झालं, संताप आला. आता भांडायचं कुणाशी, असं वाटलं. तू जिवंत निघालास हे माझ्या सोयीचंच झालं.

गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा लेफ्ट आउट,
रामलिंग


उदगीर, १८ डिसेंबर २०२४

वाजिद,

मुबश्शिराचा मेसेज संगमेशनं वाचून दाखवला. तू पत्र ऐकून लई हसलास, हसता हसता ठसका लागला, तिनं पाठ चोळून दिली. आणि विचारलंस काय, तर "लोक माझ्याबद्दल काय काय बोलले?" माझ्या भांडणाचं एका शब्दानं उत्तर नाही. हाव रे, तुझं आधीपासून असंच. गोल झाला की आधी लोकांकडं बघायचास.

बरं, ऐक. मेलेल्या माणसाला हे ऐकायला मिळत नाही. तुला मिळून राहिलं, तर नीट कान दे.

सभा आपल्या मैदानावरच घेतली. मांडव नाही, नुसत्या खुर्च्या आणि एक माइक, तोही मधेच शिट्टी मारणारा. एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. पांढऱ्या मिश्या, मेंदी लावलेल्या दाढ्या, काठ्या, एक जण तर लेकाच्या मोटरसायकलवर मागं पाठीला बांधून आणलेला. सगळे तुला बघायला यायचे ते. तुझ्या बोर्डाला हार घातला आणि जो तो माइककडं धावला.

देवणीकडचा सटवाजी पहिला. आपल्या बऱ्याच मॅचेस बाजाराच्या दिवशी असायच्या आणि तो बैल विकायला आला की बैल तिथंच कुंपणाला बांधून मॅच बघायचा, आठवतो ना? त्यानंच तुझं नाव पाडलं. म्हणाला, "ह्यो गडी म्होरं बघून पळायचाच न्हाई. मान खाली घालायचा आन निघायचा. आमच्या गोठ्यात आसाच एक देवणी खोंड व्हता, त्यानं गोठ्याची भित पाडली. म्हनून म्या वरडलो, खोंड सुटला रं!" एवढं म्हणून त्यानं माइकवर पुन्हा तशी आरोळी ठोकली. वाजिद, खुर्च्यांवरची सगळी म्हातारी त्याच्या मागोमाग ओरडली, खोंड सुटला रे. शोकसभेत. पोलीस चौकीतला शिपाई बाहेर येऊन बघायला लागला.

मग त्यानं डोकं फुटल्याचं सांगितलं. बॉलच्या शिवणीवरच्या चामडी वादीनं तुझं कपाळ चिरलं आणि सटवाजीनं डोक्यावरच्या फेट्याचा पदर फाडून तुला बांधायला दिला. नवा फेटा होता. बायको हप्ताभर बोलली नाही म्हणे. "पन त्या फेट्याला लागून दोन येळा गोल गेला," असं म्हणाला आणि तिथंच उभा राहून रडायला लागला. त्याला धरून खाली बसवावं लागलं.

एक जण म्हणाला, शुक्रवारी मॅच असली की वाजिद नमाज पढून येईपर्यंत रेफ्री शिट्टी वाजवायचा नाही, कारण लोक त्याला वाजवू द्यायचे नाहीत. दुसरा म्हणाला, तुझ्याकडं बूट नव्हते म्हणून तू अनवाणी खेळायचास. ते खोटं. बूट होते, मलाच माहीत. बूट घातले की बॉल कुठं लागला ते पायाला कळत नाही, असं तू म्हणायचास.  मयताच्या सभेत दुरुस्त्या कुठं करायच्या.

सुलतानबीला कोणी माइक दिला नाही. हाव, ती आहे अजून. उकडलेल्या शेंगांचा गाडा घेऊन तिथंच बसते, मैदानाच्या फाटकाशी. कमरेत वाकली पण आवाज तोच. सभा संपल्यावर तिनं मला हाताला धरून बसवलं आणि एकटीनंच भाषण केलं. "उनो एकबार ऐसा बॉल मारा, मेरी पूरी टोकरी उलटा दिया. मई बोली, मेरी फल्ली कौन चुनेगा, तेरा बाप? मॅच होने के बाद आया और मिट्टी में बैठके एक एक फल्ली चुना. घुटना फूटा था, खून निकल रा था, और चुन रा था." मी म्हटलं, चांगला होता. ती म्हणाली, "क्या अच्छा? आधी फल्ली तो खुद खा गया हरामी." मुबश्शिरा बेटा, हे गाळू नकोस, हे तिनं फार मायेनं म्हटलं.

मला कोणी बोल म्हटलं नाही. मी मागच्या खुर्चीवर होतो. आजकालच्यांना मी बोर्डाचा मजकूर लिहिणारा काका एवढाच माहीत. फार वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

सुदर्शनचं भाषण राहिलं. ते आज लिहवत नाही.

रामलिंग


उदगीर, ५ जानेवारी २०२५

वाजिद,

तू म्हणे रोज विचारतोस, रामूचं पत्र आलं का. वय झालं तुझं, दुसरं काय.

सुदर्शन बोलला तो नांदेडच्या फायनलवर. तो तेव्हा आईच्या मांडीवर असेल. पण बोलला असा, जसा काही गोलपोस्टाला टेकून उभा होता. "वाजिदभाईंनी मध्यरेषेवर बॉल घेतला. समोर अख्खी नांदेडची टीम. एकट्यानं एकेकाला कापत नेलं आणि असा गोल ठोकला की गोली हललाच नाही." टाळ्या. त्या टाळ्यांचं मला काही नाही. पण सटवाजीनंही मान डोलावली. नांदेडला गेलो त्या ट्रकमध्ये तो आपल्यासोबत होता. लोह्याला ट्रक बंद पडला तेव्हा धक्का मारायला उतरलेला, मैदानावर साइडलाइनला मांडी घालून बसलेला. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. इतकी वर्षं हॉटेलात बसून लोक तीच एक गोष्ट सांगतात, आता त्याला बघितलेलंही आठवत नाही, ऐकलेलंच आठवतं.

उठून सांगावं असं दोनदा मनात आलं. पण मयताच्या सभेत आपलं घोडं पुढं दामटायचं म्हणजे कसं दिसतं. बसून राहिलो.

आता तू मेलेला नाहीस, तर तुला सांगतो. मुबश्शिरा बेटा, हे सावकाश वाच.

त्यांच्या फुलबॅकनं कोपर मारून तुझी भुवई फोडली होती. एका डोळ्यात रक्त उतरलेलं, दुसरा सुजून मिटलेला. कॅप्टन म्हणाला बाहेर बस, तू त्याला त्याच्या आईवरून शिवी दिलीस. मग माझ्याजवळ आलास आणि हळूच म्हणालास, "रामू, मला काही दिसून नाही राहिलं. तू टाकलास की आवाज दे." आपला आवाज ठरलेलाच होता. आमच्या घरात कन्नड. माझी आई ताटात भाकर टाकताना म्हणायची, "रोट्टी बंतु." भाकर आली. तू आमच्या चुलीपुढं बसून तेवढं एकच कन्नड शिकलास आणि आपण ते मैदानात नेलं. मी बॉल टाकला की ओरडायचो, "बंतु!" आला. त्यांच्या फुलबॅकांना ते कळायचं नाही.

मी डावीकडून निघालो. लाइनीला लागून बैलगाड्या सोडलेल्या होत्या, त्यांच्या जुवांना घासत गेलो. माझ्यामागं त्यांचा एक जण शर्ट धरून येत होता. शर्ट फाटला. मी बॉल टाकला आणि सगळा जीव घशात आणून ओरडलो, बंतु. तू डावीकडं मान वळवलीस, डोळे दोन्ही मिटलेले, आणि उडालास. वादीचा ठसा कितीतरी दिवस तुझ्या कपाळावर होता. खाली पडलास तो पालथाच. मी पळत आलो. लोक मैदानात शिरले होते, फेटे उडत होते, आणि तू मातीत तोंड घालून मला विचारलंस, "गेला का?" मी म्हटलं, "गेला." तो गोल तू बघितलाच नाहीस, वाजिद. तो तू माझ्याकडून ऐकलास.

त्यानंतर फोटो काढला. तुझ्या डोक्याला पट्टी, हात माझ्या खांद्यावर. तोच फोटो सुदर्शनच्या मेडिकलात टांगलेला आहे. तुझा एकट्याचा फोटो कोणाकडंच निघाला नाही, म्हणून बोर्डासाठी संगमेशनं त्यातनंच तुला कापून काढला. मी म्हटलं, अरे, मला कुठं टाकलंस? तो म्हणाला, "काका, श्रद्धांजली एका माणसाची असते, तुम्हाला कसं ठेवू?" बरोबर आहे त्याचं. पण बोर्डावर तुझा हात कोपरापर्यंतच आला. कुणाच्या खांद्यावर आहे ते कळत नाही. खाली मात्र शोकाकुल म्हणून सुदर्शनचा फोटो आहे, गॉगल लावलेला.

कमलम्मा होती तोवर मला याची फिकीर नव्हती. मी तिला सांगायचो, ती म्हणायची, "हाव, तुम्हीच टाकला. आता जेवा." आता घरात सांगायला भिंती आहेत. ट्रकमधली माणसं एकतर गेली, नाहीतर सटवाजीसारखी विसरली. आणि खरं सांगू? त्या सभेत सगळे मान डोलावत होते तेव्हा माझीच मला शंका यायला लागली. एवढे सगळे एकीकडं आणि मी एकटा एकीकडं. म्हातारपणी माणूस काहीबाही जुळवतो, तसं तर मी केलं नसेल?

वाजिद, तो बॉल मी टाकला होता ना? हो का नाही, एवढंच लेकीकडून कळव. दुसरं काही नको. बारा वर्षांचं भांडणही सोडलं.

रामलिंग


उदगीर, १९ जानेवारी २०२५

अरे हैवाना,

हो का नाही एवढंच विचारलं होतं. आणि तुझं उत्तर काय आलं? "रामलिंगला सांग, मैदानावर येऊन सांगतो. माइकवर." संगमेशनं मला तो मेसेज परत परत वाचून दाखवला. त्यात हो पण नाही आणि नाही पण नाही. जन्मभर फुलबॅकांना चकवलंस, आता मला चकव.

पण येतोस हे ऐकून सुदर्शन नुसता नाचून राहिला. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली म्हणून गावात त्याची लई थट्टा झाली होती. आता २६ तारखेला झेंडावंदन झालं की तुझा जाहीर सत्कार ठेवलाय. शाल, नारळ, फेटा. सटवाजी म्हणतो, फेटा मीच बांधणार, ह्या वेळी फाडायचा न्हाई. माइक दुसरा आणायला सांगितलाय, शिट्टी न मारणारा.

तुझ्या त्या बोर्डाचं काय झालं ते ऐक. तू जिवंत निघाल्यावर सुदर्शननं घाईघाईनं तो उतरवला. सुलतानबीनं मागून घेतला. फ्लेक्स मजबूत असतो, ऊन लागत नाही. तिनं चार बांबू रोवून शेंगांच्या गाड्यावर तो छतासारखा ताणलाय. फोटो खालच्या बाजूनं, म्हणजे गाड्यापाशी उभं राहून वर बघितलं की तू दिसतोस. मी म्हटलं, सुलतानबी, अशुभ दिसतं, निदान उलटा तरी लाव. ती म्हणाली, "कैकू? धूप उसकी पीठ पे लगने दे." मी म्हटलं, त्यावर श्रद्धांजली लिहिलंय, आणि तो जित्ता आहे. "जित्ता है तो क्या हुआ? छाँव तो दे रा." हिच्यापुढं कोणाचं काय चालणार. तू आलास की तुझ्याच श्रद्धांजलीखाली बसून शेंगा खा. असा मान उदगिरात कोणाला मिळालेला नाही.

रेल्वेनं येताय ते चांगलं. स्टेशनवर मी येईन. तू मला ओळखशील का? केस गेले, दात गेले, उंचीही थोडी गेली. हाक मारावी तर तुला ऐकू येत नाही. काठी वर धरून उभा राहतो, ती बघ. उतरायचं माझ्याकडंच. सुदर्शन लॉज बघतो म्हणाला, मी त्याला दुकानाबाहेर काढला. बाज कसून घेतली. कमलम्माच्या हातची वाकळ तिच्या पेटीतनं काढून गच्चीवर उन्हात घातली, संध्याकाळी काढायला गेलो तर सगळी गच्ची तिच्या पेटीच्या वासाची झाली होती. संगमेशची बायको ज्वारीच्या भाकरी करून देईल. रोट्टी बंतु म्हणायला आता कोणी नाही, तर मीच म्हणेन.

माइकवर जे सांगायचं ते सांग. माझं मन राखायला खोटं बोलू नकोस. मी टाकला नसेल तर नाही म्हण, मी पहिल्या रांगेत बसून ऐकतो. पण ये.

तुझा
रामू


उदगीर, १२ फेब्रुवारी २०२५

बेटा मुबश्शिरा,

अब्बा गेल्याचा तुझा फोन आला. तू सगळं सांगत होतीस आणि मी नुसता हाव, हाव करत होतो. नंतर वाटलं, पोरीला वाटलं असेल चाचाला काही कळलंच नाही. कळलं होतं. इथं सगळी तयारी झाली होती ना, ती बघत बसलो.

इकडं काय झालं ते तुला सांगितलं पाहिजे. तू विचारणार नाहीस, पण मनात येत असेल की उदगीरहून कोणी आलं नाही, कोणी काही केलं कसं नाही.

संगमेशनं ग्रुपवर टाकलं. पहिलं उत्तर आलं ते हसणारं तोंड. मग एकानं लिहिलं, "परत?" मग दुसऱ्यानं लिहिलं, "ह्या वेळी आधी खिचडी खातायत का विचारा." बेटा, ती माणसं वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटलं नाही. आम्हीच त्यांना एकदा रडवलं होतं. मी सुदर्शनच्या मेडिकलात गेलो. त्याला माझ्या तोंडाकडं बघून कळलं. काउंटरबाहेर आला, माझा हात धरला, मला खुर्ची दिली. मी म्हटलं, सभा कधी घ्यायची? त्यानं भिंतीवरच्या आपल्या त्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाला, "काका, सभा तर झालीय ना. लोकांना जे बोलायचं ते बोलून झालंय. परत बोलावलं तर काय बोलतील? आणि येतील का?"  झालीच होती की सभा. माणूस तेवढा राहिला होता जायचा.

२६ तारखेला झेंडा वर गेला. आणलेली शाल लातूरहून आलेल्या कोणा पाहुण्याला दिली. सटवाजी फेटा घेऊन आला होता, त्याला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यानं फेटा पिशवीत घातला आणि बस स्टँडकडं चालत गेला. मी हाक मारली, वळला नाही.

संगमेश म्हणाला, काका, मी पैसे न घेता नवा बोर्ड करून देतो. मी विचार केला आणि नको म्हटलं. जुना आहेच की, सुलतानबीच्या गाड्यावर. त्यावर मी लिहिलेलं सगळं आता खरं झालंय, नुसती तारीख चुकलेली आहे. ती खोडून नीट करू का, असं मी सुलतानबीला विचारलं. ती म्हणाली, "तारीख का क्या है, आदमी तो वहीच है." आणि पदरानं डोळे पुसून शेंगा ढवळायला लागली.

तर दुसरी सभा आम्ही दोघांनी घेतली. ती आणि मी. बाजाराचा दिवस होता, तरी मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांशिवाय कोणी नव्हतं. मी उभा राहिलो आणि नांदेडची मॅच लोह्याच्या बंद पडलेल्या ट्रकपासून 'गेला का?' पर्यंत सांगितली. पहिल्यांदाच उभा राहून, मोठ्यानं. पोरं एकदा बघायला थांबली, मग परत खेळायला लागली. सुलतानबीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "फिर? उनो माइक पे क्या बोलने वाला था?" मी म्हटलं, ते आता कोणाला माहीत.  ती उठली, माझं स्टूल उचलून डाव्या अंगाला ठेवलं, जिथं फ्लेक्सवर त्याचा कापलेला हात येतो. म्हणाली, "इधर बैठ. उधर धूप है." आता मी रोज दुपारनंतर तिथंच बसतो.

बेटा, आता एक विचारायचं आहे. त्यासाठीच हे पत्र.

तू फोनवर सांगितलंस की शेवटच्या दिवशी अब्बांनी तुला खुणेनं जवळ बोलावलं. म्हणाले, रामूचा तो शब्द माझ्या कानात म्हण. तू त्यांच्या कानाशी तोंड नेऊन "बंतु" म्हटलंस. ऐकू गेलं नाही म्हणून मोठ्यानं म्हटलंस. त्यांनी डोळे मिटले आणि उशीवरून मान उचलली. तू पुन्हा ओरडलीस, त्यांनी पुन्हा उचलली, आणि हसले. एवढं सांगून तू रडायला लागलीस. मग मला पुढचं विचारता आलं नाही.

त्यांनी मान कोणत्या बाजूला वळवली?

पत्रं तूच वाचून दाखवलीस. मी कुठून बॉल टाकला होता ते तुला माहीत आहे, मला काय ऐकायचंय तेही माहीत आहे. म्हणून तर सांगतो, चाचाचं मन राखायला काही लिहू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. तू कोणत्या कानाशी बसली होतीस, तेही लिही, म्हणजे तो तुझ्याकडं वळला का बॉलकडं, हे मला समजेल.

आणि उजवीकडं वळवली असेल, तरी कळव.

तुझा चाचा,
रामलिंग